अठरा, एकोणीस, वीस

आडनाव झोपे, आणि जन्मभर रात्रपाळी.
भुसावळ जंक्शनच्या फलाटावर
गाड्यांच्या वेळांची काळी पाटी होती,
ती वासुदेवकाका लिहायचे.
एका हातात खडू, दुसऱ्यात ओलं फडकं,
कानावर न पेटवलेली विडी.
मी त्यांच्या हाताखाली, नवा.

सत्तर साल. कुणाच्या तरी भाकरीभोवती गुंडाळून आलेल्या
शिळ्या पेपरात त्यांनी वाचलं:
चंद्रावर जायची शेवटची तीन यानं रद्द.
पैसे नाहीत म्हणे. अमेरिकेकडे!
नंबरही छापले होते.

त्या रात्री कलकत्ता मेलच्या खाली
वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं
चंद्र. अप. रद्द.
आणि मास्तर यायच्या आत पुसलं.

पण हमालांनी वाचलंच होतं.
"रद्द म्हंजे गाडी नहीच का, झोपेदादा?"
"रद्द म्हंजे पाटीवर रद्द.
रेक यार्डात उभाच ऱ्हातो लेका.
इंजिनात पाणी भरेल असतं,
डायवरनं डबा आणेल असतो.
मंग तो डबा कोन खातो, सांग बरं?"

उत्तर कुणालाच येईना,
म्हणून गोष्टी आल्या.
सावद्याच्या केळीच्या वाघिणी रखडल्या की
शेकोटीभोवती एकेक यान सुटायचं.
अठरावं गेलं अमावस्येला, दिवे न लावता,
दारूगोळ्याच्या गाडीसारखं.
वरणगावच्या कारखान्यातून निघणाऱ्या
बिननावाच्या गाड्या पाहिलेल्या माणसांना
हे पटायला वेळ लागला नाही.
एकोणिसाव्याला चंद्राच्या पाठीमागे
एक परकी गाडी सापडली, गंजलेली,
आत एक बाई. झोपलेली. श्वास चालू.
विसावं तिला आणायला गेलं,
ते अजून यायचंय.
किती लेट?
"सूचना नाही," काका म्हणत, अगदी सरकारी आवाजात.

सुभान तडवीनं बाईला पिवळं लुगडं नेसवलं.
टपालाच्या डब्यातल्या निंबाजीनं तिच्या कपाळावर गोंदलं.
कुणीतरी गोष्ट पॅसेंजरमध्ये बसवून इटारसीला धाडली.
परतली, तेव्हा बाई तापीकाठची झाली होती
आणि तिला माहेरची ओढ लागली होती.

मग पाटी गेली, लाल दिव्यांची अक्षरं आली.
काका फैजपूरला, ओट्यावर, गुडघ्यांना तेल लावत.
एके दिवशी नातवानं मोबाइल पुढे धरला:
"आबा, हे सगळ्या जगापासून लपवलं होतं."
खरबरीत करडा चंद्र. पडकं यान.
विसावी, गुप्त मोहीम. झोपलेल्या बाईचा चेहरा.
काकांनी परत लावायला सांगितलं.
मी शेजारीच होतो, वाट बघत,
की आता म्हणतील, ही तर माझी.
ते म्हणाले, "हिचं लुगडं कुठी गेलं रे?"

रात्री मात्र, खाटेवर, चंद्राकडे पाठ करून:
"बाई-बिई काही नही.
मले त्या जाणाऱ्या मानसाचंच वाटे.
मापाचा पोशाख शिवेल.
वाळूत चालाची सवय करेल, वर्षं-वर्षं.
आन एका सकाळी साहेब सांगतो, घरी जाय.
घरी पोरगं इचारत असंल, कसा व्हता चंद्र?
त्यानं कायतरी सांगितलंच असंल ना?
रिकाम्या हातानं कोन येतं घरी."

मी त्यांना वाचलेलं सांगितलं,
की न उडालेली ती रॉकेटं अजून आहेत,
आडवी ठेवलीत, लोक जाऊन बघतात.
"आडवी?" ते म्हणाले.
नंतर बराच वेळ काही नाही.
लांबून फाटकातल्या ट्रकांचे हॉर्न.

काका गेले. मीही आता निवृत्त.
एक गोष्ट मात्र राहून गेली सांगायची.
ओल्या फडक्यानं पुसलेला खडू
वाळला की पुन्हा दिसतो,
म्हणून पाटी दोनदा पुसायची,
हे मला त्यांनीच शिकवलं होतं, पहिल्याच रात्री,
कान धरून.

चंद्राची ओळ
त्यांनी एकदाच पुसली होती.